परत मागितलेला वानवळा

माझ्या आईचे दोन दात मला अजून दिसतात. इनॅमलच्या पांढऱ्या ट्रेमध्ये पडलेले, मुळांसकट, शाबूत. मिश्री लावून वरून काळपटले होते, पण कीड कुठे नव्हती. मी शेजारीच उभी होते आणि मला ते स्वच्छ दिसत होतं. काढणारा म्हणाला, "आता चावताना दुखायचं नाही." त्या संध्याकाळी आई भाकरी खायला बसली आणि चौथ्या घासाला जबडा धरून थांबली, आदल्या दिवशी थांबली होती तशीच. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ही ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांची गोष्ट आहे. इतक्या वर्षांत राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा म्हणून मी हे लिहीतही नाही.

आमचं घर पूर्णगडला, बंदराच्या वरच्या अंगाला. वडील मी शाळेत असतानाच गेले. भाऊ मुंबईला गोदीत. आई मासे विकायची. सकाळी होड्या लागल्या की बंदरावर लिलाव व्हायचा, त्यात घेतलेलं म्हावरं पाटीत भरायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि चढण चढून वलाटीतल्या वाड्या गाठायच्या. वलाटी म्हणजे किनारा सोडून आतला, शेतकऱ्यांचा मुलूख. तिथली तिची घरं ठरलेली होती. कुठल्या घरी बांगडा चालतो, कुठे सोमवारी पाटी दारात टेकवायची नाही, कुणाची सून बाळंत आहे आणि तिला कुठला मासा सोसेल, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. मी डी.एड. होऊन हातखंब्याजवळच्या एका शाळेत नुकतीच लागले होते. तिथेच खोली घेऊन राहायचे. शनिवारी शाळा सुटली की रत्नागिरीवरून एसटीने घरी आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत, असा माझा आठवडा होता.

दिवाळी झाली आणि आईचं डोकं दुखायला लागलं. साधंसुधं दुखणं नव्हे. डाव्या कानशिलात ठणका, तोही एकाएकी सुरू झालेला. "आतमदी कोन घन मारतंय गो," असं ती म्हणायची. साठीच्या घरात आलेली बाई, जन्मात कधी डोकं दुखतं म्हणून बसली नव्हती. ती पाटी उतरवून अंगणात डोकं धरून बसली तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं की हे वेगळं आहे.

लक्षात कुणाच्याच आलं नाही, कारण सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. पाटी. जन्मभर डोक्यावर ओझं वाहिलंस, आता डोकं दुखणारच. वाडीतल्या बायका असं म्हणाल्या. बाजारातल्या डॉक्टरने तेच म्हणून ठणक्याच्या गोळ्या दिल्या. त्याने तिच्या डोक्याला बोटसुद्धा लावलं नाही. "कष्टाचं डोकं आहे, आजी. जरा आराम करा." आराम म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला. भावाला पत्र टाकलं, तर त्याचं उत्तर आलं की शिमग्याला येतो तेव्हा बघू. आमच्याकडे मरणसुद्धा शिमगा नाहीतर गणपती बघूनच यायला हवं, एरवी मुंबईला रजा नसते. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "आये, पाटी थोडी कमी भर." शिकलेली मुलगी, वर्गात पोरांना शरीराचे अवयव शिकवणारी, तीही पाटीवरच अडली.

एकदा एक उत्तर डोक्यात बसलं की माणसं पुढचं काही बघत नाहीत. पौषात आईने केस विंचरणं सोडलं. फणी लागली तरी कळ जायची, उशीला डोकं टेकवता येईना. बायका म्हणाल्या, पोरगी नोकरीला लागली, म्हातारीनं अंगाकडं बघणं सोडलंन. मग चावताना जबडा भरून यायला लागला, म्हणून दात काढले. अंग कसकसायचं, जेवण तुटलं, तर म्हणे वय झालं. ही सगळी दुखणी एकाच माणसाच्या एकाच डोक्यात आहेत, तेव्हा त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

आणि मग एका सकाळी बंदरावर तिचा डावा डोळा गेला.

लिलाव चालू होता. ती नेहमीच्या जागी उभी होती, आणि कानशिलात अशी कळ आली की पायाखालची वाळू हलली असं तिला वाटलं. कळ ओसरली तेव्हा जगाची डावी बाजू उरली नव्हती. तिने एकदा हा डोळा झाकून बघितला, एकदा तो. डाव्या डोळ्याला काळोख. ओरडली नाही, कुणाला सांगितलं नाही. पाटी भरली आणि वाटेला लागली. हे मला तिने नंतर सांगितलं आणि मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारीण डोकावून गेली. वरच्या वाडीत एका घरी बाईने ताट पुढे धरलं आणि आईने बांगडे ताटाच्या बाजूला, हवेत सोडले. ते जमिनीवर पडले. ती बाई हसली. "म्हातारी झालीस गो," म्हणाली. आईसुद्धा हसली म्हणे.

शनिवारी मी घरी गेले तेव्हा हे होऊन दोन दिवस झाले होते. वाडीने निदान करून ठेवलं होतं: मोतीबिंदू. आता तो पिकू द्यायचा. पिकल्याशिवाय काढत नाहीत, आणि मार्गशीर्षातलं डोळ्यांचं शिबिर तर होऊन गेलं, तेव्हा पुढल्या वर्षीच्या शिबिरात नाव घालायचं. एका सकाळीत कधी मोतीबिंदू येतो का? हा प्रश्न मी आज विचारते. तेव्हा मी आईच्या डोळ्यासमोर बोटं नाचवली, तिला ती दिसली नाहीत, आणि मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात शाळेची तपासणी आहे. ती झाली की रजा काढते आणि रत्नागिरीला जाऊ."

पुढच्या आठवड्यात. हे माझे शब्द. बाजारातल्या डॉक्टरचा मला राग येतो, दात काढणाऱ्याचा येतो, भावाचा येतो. पण त्या सगळ्यांना काही कळत नव्हतं. मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दोन डोळ्यांतला एक बंद पडलेली बाई माझ्यासमोर बसली होती, आणि मी सोमवारी पहाटे उठून तपासणीसाठी तक्ते रंगवायला गेले.

तपासणी झाली. मी आईला रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. हा म्हातारा, कमी बोलणारा माणूस. त्याने आधी डोळा बघितलाच नाही. आईच्या डोक्याकडे, त्या गुंतलेल्या केसांकडे बघत राहिला. "आजी, केस का नाही विंचरलेत?" त्याने विचारलं. मग विचारलं, चावताना जबडा दमतो का. मग दोन बोटं तिच्या कानशिलावर ठेवली आणि माझा हात धरून माझी बोटंही तिथे ठेवली. कातडीखाली सुतळीसारखी कडक, गाठाळ शीर लागली. दुसऱ्या बाजूची शीर मऊ होती आणि उडत होती. ही उडत नव्हती.

तीन महिने ती शीर तिथे होती. बोट लावलं असतं तर कुणालाही लागली असती.

त्याने रक्त तपासायला पाठवलं, पण निकालाची वाट न बघता औषध लिहिलं. मग मला समजावून सांगितलं. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी राखण असते. कधी कधी, का ते कुणाला ठाऊक नाही, ती राखण आपल्याच घरावर उलटते. आईच्या बाबतीत ती डोक्याच्या शिरांवर उलटली होती. शिरा सुजून आतून बंद होत होत्या. डोळ्याला रक्त नेणारी शीर बंद झाली आणि डोळा गेला. "गेलेला डोळा येणार नाही," तो म्हणाला. "पण उजव्या बाजूलाही हेच होणार, आज किंवा आठ दिवसांनी. तो डोळा फक्त ह्या गोळ्यांवर आहे. अंगातली कुठलीही सूज ह्या उतरवतात. रोज सकाळी खाऊन झाल्यावर सहा गोळ्या, एकदम. एकही दिवस चुकता कामा नये. बरं वाटलं तरी थांबायचं नाही. आणि उजव्या डोळ्यावर क्षणभर जरी सावली आली, तरी त्या दिवशीच्या गोळ्या पोटात गेल्यात ना ते आधी बघायचं, आणि तशीच माझ्याकडे आणायची. रविवार असला तरी."

आई सगळं ऐकत होती. "राखणदार उलटलाय म्हनजे नारळ ठेवायला होवा," ती म्हणाली. तिच्या लेखी राखणदार म्हणजे वाडी सांभाळणारा देव.

"ठेवा," डॉक्टर म्हणाला. "पण गोळ्या घ्या."

पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. पत्र्याच्या डब्यात त्या ठेवल्या, आणि मी आईला दहा वेळा घोकून घेतलं: सहा, रोज, खाऊन झाल्यावर. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं थांबलं. थांबलं म्हणजे पार थांबलं, कधी दुखलंच नव्हतं असं. त्या रविवारी मी घरी होते. तिने ओट्यावर बसून केस विंचरले, तेल लावलं, अंबाडा घातला, आणि दुपारी सुके बांगडे भाजून भाकरीशी खाल्ले, चावून चावून. माझ्यासमोर सहा गोळ्या गिळल्या. मी त्या रविवारी खूप दिवसांनी पोटभर जेवले आणि सोमवारी निर्धास्त शाळेला गेले.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वानवळा. घरात नवं काही आलं की त्यातलं थोडं शेजारी धाडायचं. पहिला फणस फोडला, गरे धाडा. मोसमाची पहिली मासळी आली, वाटीभर धाडा. मुंबईहून चाकरमानी खाऊ घेऊन आला, तो वाटा. वानवळ्याला नको म्हणायचं नाही, वाटी रिकामी परत करायची नाही, आणि दिलेलं कधी मागायचं नाही. ह्या रीतीवर आमची वाडी जगली आहे, हे मला मान्य आहे. वडील गेले त्या वर्षी आमच्या घरी चूल ह्या वाट्यांवर पेटली. आई ते विसरली नव्हती. तिच्या हाती काही आलं आणि ते दहा घरी पोचलं नाही असं कधी झालंच नाही.

त्या आठवड्यात तिच्या हाती गोळ्या आल्या होत्या.

पुढचा रविवार. दुपारची जेवणं झाली होती. आई अंगणात सुपात सुकट निवडत बसली होती, मी वह्या तपासत होते. बाहेर चैत्रासारखं ऊन पडलं होतं, शिमगा अजून व्हायचा होता तरी. आई म्हणाली, "ढग आला काय गो?"

मी वर बघितलं. आभाळात कापूसभरसुद्धा ढग नव्हता. मी तिच्याकडे बघितलं तर ती उजव्या डोळ्यासमोरून हात फिरवत होती, कोळिष्टक बाजूला करावं तसा. "आत्ता अंधारलं," ती म्हणाली. "आता परत उजाडलं."

"सकाळी गोळ्या घेतल्यास?"

ती सुपातली सुकट निवडत राहिली.

मी आत जाऊन डबा उघडला. अजून चार-पाच दिवसांच्या गोळ्या त्यात असायला हव्या होत्या. डबा रिकामा होता. पुसून, कोरडा करून, उपडा घालून ठेवलेला होता, गुळाचा डबा संपल्यावर ठेवावा तसा.

"आये, गोळ्या कुठं आहेत?"

"सा-सा गोळ्या मानूस खातो काय गो एका टायमाला? माजं डोस्कं ऱ्हायलं दुकायचं. दोन खाल्लंय मी, मंग एक खाल्लंय. उरलेल्या दिल्यंय." मग, माझं तोंड बघून, समजावणीच्या सुरात, "लोकांनी इचारल्यानी, कसली गोळी, तीन दिसांत उभी केलीन तुला. त्यांचं पन दुकतंय. एकटीनं गिळायच्या व्हय?"

तीन दिवसांपूर्वीच त्या संपल्या होत्या. तीन दिवस तिच्या पोटात एकही गोळी नव्हती, आणि तिची राखण परत तिच्यावर उलटली होती. मी आईला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. स्वतःच्या आईला बोलू नये असं बोलले. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं म्हटलं. तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय म्हटलं. ती खाली मान घालून बसली होती आणि सुकटीतला कचरा अजून निवडत होती.

रत्नागिरीची गाडी चार वाजता होती. औषधाचं दुकान जवळच्या पावस गावात, तेही रविवारचं बंद. आणि डॉक्टरने सांगितलं होतं, आधी गोळ्या पोटात गेल्या पाहिजेत. गोळ्या वाडीत होत्या. मी आईला दरडावून विचारलं, कुणाकुणाला दिल्यास. तिने घरं सांगितली. मी पायात चपलाही न घालता निघाले.

पहिलं घर आईच्या मैत्रिणीचं. गुडघे धरून सहा महिने ओट्यावर बसून असलेली बाई आज विहिरीवर पाणी ओढत होती. मला बघून तिचं तोंड फुललं. "तुज्या आयेच्या हातात गुन हाय गो," म्हणाली. मी म्हटलं, गोळ्या परत द्या. तिला आधी समजलंच नाही. मी परत सांगितलं, आवाज चढवून, की आईचा दुसरा डोळा चाललाय. तिचा चेहरा पडला. आत जाऊन तिने देवाच्या फळीवरची पुडी आणली, तीत तीन गोळ्या होत्या. त्या तिने वाटीत ठेवल्या, आणि वाटी रिकामी जाऊ नये म्हणून वर मूठभर सोलं घातली. आमसुलांची सोलं. मी ती वाटी तिच्या हातातून ओढलीच. सोलं अंगणात सांडली. मी ती उचलली नाहीत आणि तिने मला उचल म्हटलं नाही.

दुसऱ्या घरी जन्मभर होडी हाकलेला एक म्हातारा तांडेल, आईचा दूरचा दीर लागायचा. त्याला पाच दिल्या होत्या. तो खाटेवर बसून जाळं सांधत होता. "त्या होय," म्हणाला. "आमची शेळी लंगडत हुती. तिला भाकरीत घातल्या. बरी झाली गो, बघ." शेळी माडाच्या बुंध्याला पाय लावून उभी होती आणि पाला ओरबाडत होती. माझ्या आईचा डोळा त्या शेळीने खाल्ला होता. मला हसू येईल असं एखाद्याला वाटेल. मला त्या माणसाच्या हातातलं जाळं फाडावंसं वाटलं.

तिसरं घर मी अजून विसरू शकत नाही. तिथे दम्याची सून होती. लग्न होऊन आल्यापासून तिचा श्वास शिट्टी वाजावी तसा ऐकू यायचा. त्या दिवशी ऐकू येत नव्हता. ती चुलीपाशी बसून भात वेळून पेज काढत होती, शांत श्वास घेत. तिची सासू दारात आडवी उभी राहिली. "वानवळा परत मागतात काय गो? मास्तरीन झालीस म्हनून रीत सोडलीस? ह्ये पोरीनं चार राती आडवं पडून झोप घेतलीन."

"माझी आई आंधळी होतेय," मी म्हटलं.

"तुजी आय देताना बोलली नाय तसं."

मग मी ओरडले. भर दुपारी, लोकांच्या अंगणात उभी राहून. म्हटलं, तीन महिने तुम्ही सगळे पाटी पाटी करत बसलात, मोतीबिंदू पिकवत बसलात, तुमच्यामुळे एक डोळा गेला. आता दुसरा तरी सोडा. हे खरं नव्हतं. निदान सगळं खरं नव्हतं. त्यातला आठवडा माझा होता आणि तो मी त्यांच्या गळ्यात घालत होते. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. सून सासूच्या मागून आली, तिने पदराची गाठ सोडली आणि दोन गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. त्या तिच्या त्या रात्रीच्या आणि दुसऱ्या रात्रीच्या झोपेच्या होत्या, हे मला कळत होतं. मी त्या घेतल्या.

बाकीच्या तीन घरांत गोळ्या खाऊन झाल्या होत्या. एकीने अर्धी शोधून दिली, तांदळाच्या डब्यातून. साडेपाच. डॉक्टरने सहा सांगितल्या होत्या. मी घरी येऊन आईला भाकरीचा तुकडा भरवला आणि साडेपाच गोळ्या गिळायला लावल्या. तिने मुकाट्याने गिळल्या. मग विचारलं, "तिच्या पन आनल्यास? त्या दम्यावाल्या पोरीच्या?"

मी तिचं एक लुगडं पिशवीत कोंबलं. चारच्या गाडीत बसेपर्यंत तिच्या उजव्या डोळ्यावर आणखी दोनदा सावली आली. एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्याकडे. प्रत्येक वळणावर मी विचारत होते, दिसतंय ना, आणि ती दिसेल त्याचं नाव सांगत होती. कलमं. गडगा. गुरं. शाळा.

डॉक्टरने रविवारी संध्याकाळी दार उघडलं. इंजेक्शन दिलं, दवाखान्यात ठेवून घेतलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर आईला एक शब्द बोलला नाही. मला बोलला. "तुम्ही शिक्षिका ना? गोळ्या रोज मोजायला काय झालं होतं?" मी म्हणाले, मी हातखंब्याला असते. तो म्हणाला, "मग तिथे असू नका." मला त्याचा राग आला, आणि तो आजही आहे.

डोळा राहिला. कडेला थोडं धुकं राहिलं, पण राहिला. मी हातखंब्याची खोली सोडली आणि पूर्णगडहून रोज जाऊन येऊन करू लागले. पहाटे उठायचं, आईला खाऊ घालायचं, गोळ्या द्यायच्या, आणि मग गाडी पकडायची. गोळ्या माझ्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. गोळी गिळली की आईने तोंड उघडून दाखवायचं, जिभेखालीसुद्धा. पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली, पण तिने तोंड उघडलं. डॉक्टर महिन्या-महिन्याने गोळ्या कमी करत गेला, पण दीड वर्ष हे चाललं. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजून गोल झाला. वरच्या वाडीतली एक बाई म्हणाली, लेकीच्या जिवावर अंग धरलंय म्हातारीनं. पाटी सुटली होतीच.

आणि वाट्याही सुटल्या. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. त्या रविवारनंतर आमच्या दारात वानवळा आलाच नाही, एवढंच. फणस फुटले तसे गरे वाडीभर फिरले. नारळी पौर्णिमा झाली, होड्या परत समुद्रात गेल्या, पहिली मासळी आली. आई ओट्यावर बसून असायची आणि तिला दिसायचं की पोरी वाट्या घेऊन निघाल्यात, वर केळीचं पान झाकलंय, आणि आमच्या पायरीशी येऊन पुढे जातात. दम्याची सून परत शिट्टी वाजवत श्वास घ्यायला लागली होती. तो आवाज आमच्या ओट्यावर ऐकू यायचा. मी एकदा तिला रत्नागिरीला दाखवू म्हणून निरोप धाडला. सासूने तो परत धाडला.

मला ह्याचाही रागच आला. माझं काय चुकलं? डोळा वाचवायचा होता, तो वाचवला. रीत वाचवत बसले असते तर आज ती भिंत चाचपत चालली असती. हे मी मनात इतक्या वेळा घोकलं की मला ते पाठ झालं.

एका सकाळी मी तिला खाऊ घातलं, ट्रंक उघडली आणि गोळी घेऊन बाहेर आले. आता एकच गोळी उरली होती रोजची. गाडीला उशीर होत होता. ती ओट्यावर बसली होती आणि समोरच्या घरात एक झाकलेली वाटी जात होती.

"गोळी," मी म्हटलं.

तिने हात पुढे केला नाही. "डोळा वाचवलास गो," ती म्हणाली. "पन ह्या डोळ्यानं बघू काय? आपल्या दारात कोन येतंय आता?"

"मला बघ," मी म्हटलं. मला वाटलं त्यापेक्षा ते जोरात बाहेर पडलं. "मी आहे ना. मला बघ."

तिने मान पुरती वळवली, कारण उजवा डोळा माझ्यावर आणायला तिला आता तेवढी वळवावी लागायची. गोळी घेतली, गिळली, सांगायच्या आत तोंड उघडून दाखवलं आणि मिटलं.

"तुलाच तर बघतंय," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून बघतंय. रोज कावलेलीच दिसतेस."